कमानपाट्याचं कूळ

शिरूरहून न्हावरे, पारगाव करत चौफुल्याकडे निघालं की ऊसतोडीच्या हंगामात दोन तऱ्हेच्या गाड्या एकामागोमाग दिसतात. एक उसाची टायरगाडी, दुसरी कांद्याच्या पिशव्या भरलेली पिकअप. टायरगाडीवाला मोळ्या रचता रचता मध्येच थांबतो आणि जुवाला हात घालून ते उचलून बघतो. वजन आखाच्या मागे गेलं तर गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उठतं. पुढे गेलं तर धुरेवर भार येऊन बैलांचे खांदे सुजतात. चुकलं असेल तर चार मोळ्या पुढे-मागे केल्या की झालं.

पिकअपला जू नाही. तिथे हा हिशेब कमानपाट्याच्या, म्हणजे आखावर बसवलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या, अंगावर पडतो.

शब्दापासूनच सुरुवात करू. ‘कमान’ फारसी, अर्थ धनुष्य. मराठीत ती तीरकमान होऊन आली, मग वेशीवर चढली, पुढे घड्याळाच्या पोटात शिरली. घड्याळाची कमान तुटली असं म्हणणारी माणसं अजून आहेत. ‘पाटा’ मात्र घरचा, संस्कृत ‘पट्ट’चा वंशज, म्हणजे सपाट पट्टी. दोघांची सोयरीक गाडीखाली जुळली. वर माल ठेवायचा तो ‘हौदा’, तो अरबीतून हत्तीच्या पाठीवर बसून आला. म्हणजे या रस्त्यावरच्या पिकअपमध्ये धनुष्य आहे, हौदा आहे, फक्त हत्ती तेवढा नाही.

वस्तूचं कूळ परदेशी. युरोपातल्या घोडागाड्यांचे डबे पूर्वी चामड्याच्या पट्ट्यांवर टांगलेले असत आणि पुढच्या-मागच्या आखांना जोडणारी जाड लाकडी तुळई खालून जाई. १८०४ च्या सुमारास लंडनच्या ओबडाया इलियट या गाडी बांधणाऱ्याने पोलादी पाट्यांच्या दोन कमानी तोंडाला तोंड लावून लंबगोल केला आणि डबा थेट त्यावर बसवला. तुळईची गरज संपली, गाडी हलकी झाली. एकोणिसाव्या शतकात मुंबईत भाड्याने फिरणाऱ्या बंद गाडीला ‘शिग्राम’ म्हणत, ‘शीघ्र’वरून. वेगाचं नाव मिरवणारी ती गाडी आणि नंतरचा टांगा ही याच घराण्यातली. पुढे लंबगोलाचा वरचा निम्मा भाग गळाला, खालचा निम्मा उरला. मोटारीने उचलला तो हा उरलेला निम्मा. सगळ्यात लांब तो मेन पाटा, दोन्ही टोकांना गोल डोळे असलेला. त्याखाली उतरत्या लांबीचे बाकीचे, मधोमध सेंटर बोल्टने एकत्र बांधलेले आणि यू-बोल्टने आखाला आवळलेले. पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घासण्यातच थोडा हिसका जिरतो. या साध्यासुध्या रचनेला दोनशे वर्षांत पुरतं हटवणारं कुणी निघालेलं नाही.

आपल्या गावोगावी कमानपाटा पोचला जीपमधून. १९४५ मध्ये महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी निघाली. तिच्या नावातले भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनी महिंद्रा अँड महिंद्रा झाली. १९४७ पासून तिने विलीज जीप जुळवायला घेतल्या होत्या. त्या जीपला चारही कोपऱ्यांत पाटे. पुढे याच वंशातल्या गाड्या वडापला, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीला, लागल्या. मागच्या बाकांवर मावतील तेवढी माणसं, वर टपावर गाठोडी. गाडी मागून बसली की मिस्त्री एक पाटा जादा घालायचा.

अडचण सुरू होते ती इथून. जादा पाट्याने भरलेली गाडी सरळ झाली, पण रिकामी झाली की मागून उचलली जाते आणि नाक खाली जातं. अमेरिकेत पिकअप कारखान्यातूनच अशी येते. माल भरल्यावर समतल व्हावी म्हणून मागची बाजू दोन-तीन इंच वर ठेवलेली. तिथले बरेच मालक हौद्यात काहीच भरत नाहीत, म्हणून पुढचा भाग वर घ्यायला लेव्हलिंग किट निघालं. पुढे कॉइल स्प्रिंग असेल तर वर स्पेसर, टॉर्शन बार असेल तर तो आधीच पिळून ठेवणारी वेगळी की. साधारण एक ते अडीच इंचांचा खेळ. रील पाहून आपल्याकडची पोरंही आता तेच मागतात.

चौफुल्याच्या अलीकडे एका पाटेवाल्याकडे मी अशीच एक मागणी ऐकली. पुढे-मागे दोन्हीकडे पाटे असलेली पिकअप होती. पोरगं म्हणालं, “मिस्त्री, पुढून दोन इंच वर घ्या.” मिस्त्रीने आधी टेप काढली. चासीपासून जमिनीपर्यंतचं माप पुढे आणि मागे, दोन्ही अंगांनी. रिकामी गाडी मागून तीन इंच वर. “भाऊ, उद्या कांदा भरून आण,” एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी भरलेली गाडी मागून अर्धा इंच खाली. दोन इंच दिले असते तर भरल्या गाडीचं नाक अडीच इंच वर गेलं असतं आणि रात्री हेडलाइटचा झोत रस्ता सोडून समोरच्याच्या डोळ्यांत. ठरलं पाऊण इंच.

आखावर ठोकळा ठेवायला मिस्त्रीने साफ नकार दिला. ब्रेक मारला की पुढच्या आखाला पीळ बसतो आणि ठोकळा सरकू शकतो. पाट्याचं टोक चासीला जोडणारी शॅकल लांब केली तर आख किंचित फिरतो, मग पाचर घालून तो जागेवर आणावा लागतो. त्याने पाटे सोडवले आणि मेन पाट्याची कमान फरशीवर खडूने आखली. मग ऐरणीवर थंडच ठेवून घणाने एकेक घाव, बोटभर पुढे सरकत. गॅसवर तापवलं तर लवकर वाकेल, पण पोलादाचं पाणी उतरतं आणि पाटा महिनाभरात परत बसतो. दर दहा-बारा घावांनंतर पाटा खडूच्या रेघेवर ठेवून बघायचा. नवी रेघ जुनीच्या वर एक बोट सरकली तेव्हा घण खाली ठेवला. यू-बोल्ट नवेच घातले, जुने एकदा ताणले की पुन्हा वापरायचे नाहीत.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशा बदलांच्या आड येतं आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीने बनवलेल्या गाडीच्या मूळ रचनेत फेरबदल चालणार नाहीत असं सांगितलं. बसलेल्या पाट्याला मूळ उंचीवर आणणं दुरुस्तीत मोडतं, त्याच्या वर नेणं बदलात. मिस्त्रीला ही सीमारेषा वकिलाइतकी माहीत होती. पोराचे पुढचे पाटे मुळातच बसलेले असल्याचं त्याने सोडवतानाच दाखवून दिलं होतं.

गाडी खाली आली. पोराने लांबून बघितलं, चेहरा थोडा पडला. पाऊण इंच लांबून काय दिसणार? मिस्त्री पाना पुसत म्हणाला, “आधी अलाइनमेंट कर, मग लाइट खाली घे. आणि पाचशे किलोमीटर झाले की बोल्ट आवळायला ये, विसरू नको.”