डब्ल्यूएबीसी: तीच तीच गाणी लावून गाजलेलं रेडिओ स्टेशन

एफएमवर तेच गाणं सारखं का लागतं? उत्तरासाठी न्यूयॉर्कचं डब्ल्यूएबीसी बघा. या व्यावसायिक एएम स्टेशनने 1960 मध्ये 'टॉप 40' फॉरमॅट घेतला. म्हणजे सध्या खपणारी मोजकी गाणीच आलटूनपालटून लावायची. रिक स्क्लार रेकॉर्डच्या दुकानांतून विक्रीची माहिती घेऊन यादी ठरवायचे. पहिल्या नंबरचं गाणं साधारण तास-सव्वा तासात परत यायचं! कंटाळवाणं वाटेल, पण रेडिओ कधीही लावा, हिट गाणं लागणारच, हीच तर मेख होती. 50 हजार वॉटचा ट्रान्समीटर असल्याने रात्री ते दूरच्या राज्यांतही ऐकू जायचं.

पुढे श्रोते एफएमच्या स्वच्छ स्टिरिओ आवाजाकडे वळले. 1978 मध्ये डिस्को वाजवणाऱ्या डब्ल्यूकेटीयूने मोठा दणका दिला. 10 मे 1982, दुपारी 12 वाजता डब्ल्यूएबीसीवरचं संगीत थांबलं आणि ते टॉक रेडिओ झालं.