रंगावरून शिक्षा, प्रकाशावरून ओळख

१/ अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील हॅरिस काउंटी. २००४ ते २०१५ या काळात येथे दोनशेहून अधिक लोकांनी अमली पदार्थ बाळगल्याचा गुन्हा कबूल केला. पुढे प्रयोगशाळेचे अहवाल आले. जप्त केलेल्या पदार्थात अमली द्रव्य नव्हतेच! मग शिक्षा कशाच्या बळावर झाली?

२/ मुख्यतः रंगाच्या. पोलीस रस्त्यावरच संशयित पूड रसायनात टाकत. कोबाल्ट थायोसायनेट निळे झाले, की कोकेनचा संशय पक्का. खटला लढवून मोठी शिक्षा ओढवून घेण्यापेक्षा कबुली देऊन लवकर सुटणे अनेकांना बरे वाटले. परंतु हे रसायन कोकेनखेरीज इतर कित्येक पदार्थांनीही निळे होते.

३/ रंगचाचणीची परंपरा जुनी आहे. १८९६ मध्ये एदुआर्द मार्की यांनी फॉर्मालिन व सल्फ्युरिक आम्ल यांचे मिश्रण सुचवले. अफूजन्य द्रव्यांशी ते जांभळे होते. चाचणी स्वस्त आणि झटपट. मात्र रंग पदार्थाचा वर्ग सुचवतो, त्याचे नाव सांगत नाही.

४/ नाव सांगणारी खूण कोलकात्यात सापडली. १९२१ मध्ये इंग्लंडहून परतताना चंद्रशेखर वेंकट रामन यांना भूमध्य समुद्राच्या निळाईने कोड्यात टाकले. त्या कुतूहलातून प्रकाशाच्या विकिरणाचा अभ्यास सुरू झाला. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्याला फळ आले. या कामात के. एस. कृष्णन त्यांचे सहकारी होते.

५/ शोध असा : पदार्थावर एकाच रंगाचा प्रकाश टाकला, तर विखुरलेल्या प्रकाशाचा अत्यल्प अंश किंचित वेगळ्या रंगाचा होऊन येतो. हा फरक रेणूच्या कंपनांवर अवलंबून असतो. प्रत्येक रेणूची कंपने निराळी. म्हणून वर्णपटातील रेषा म्हणजे जणू त्या रेणूच्या बोटांचे ठसे. १९३० मध्ये रामन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

६/ रामन यांच्या साधनांत खिशात मावणारा वर्णपटदर्शकही होता. तरीही ही पद्धत रस्त्यावर यायला अनेक दशके लागली. कारण हा संकेत विलक्षण क्षीण असतो : साधारण कोटी प्रकाशकणांत एखादाच. १९६० मध्ये लेसर आला, तेव्हा प्रखर आणि एकरंगी प्रकाश हाती लागला. पुढे लहान लेसर व संवेदनक्षम शोधक आले आणि एकविसाव्या शतकात हे यंत्र हातात मावू लागले.

७/ आता पारदर्शक पिशवी न उघडताच आतील पुडीवर लेसर रोखता येतो. यंत्र मिळालेला वर्णपट आपल्या संग्रहातील नोंदींशी ताडून नाव सांगते. पण दोन अडचणी उरल्या. ब्राऊन शुगरसारखे अशुद्ध पदार्थ लेसरखाली स्वतःच चमकतात. त्या अनुस्फुरणात रामन-रेषा बुडून जातात. शिवाय मिश्रणातील जेमतेम एकदोन टक्के द्रव्य नजरेतून निसटते.

८/ नेमकी तीच मात्रा जीवघेणी ठरू शकते. बेल्जियमचे पॉल यान्सन यांनी १९६० च्या सुमारास वेदनाशामक म्हणून घडवलेले फेंटानिल मॉर्फिनच्या सुमारे शंभरपट प्रभावी आहे. सवय नसलेल्या माणसाला दोन मिलिग्रॅमही मारक ठरू शकतात. इतर पुडीत मिसळलेला असा लेश शोधायचा कसा?

९/ उत्तर अनपेक्षित ठिकाणाहून आले. १९७४ मध्ये साउथँप्टन येथे फ्लाइशमन, हेंड्रा आणि मॅक्विलन यांना खडबडीत केलेल्या चांदीच्या विद्युतअग्रावर पिरिडिनचा ठळक रामन-संकेत मिळाला. पृष्ठभाग वाढल्याने रेणू अधिक चिकटले, एवढेच कारण त्यांना वाटले. १९७७ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवले, की प्रत्येक रेणूचा संकेतच लाखपट किंवा त्याहून अधिक वाढला होता.

१०/ धातूच्या सूक्ष्म उंचवट्यांवर प्रकाशामुळे इलेक्ट्रॉन एकत्र हेलकावतात आणि तेथील विद्युतक्षेत्र तीव्र होते. चिकटलेल्या रेणूचा संकेत त्यामुळे बळावतो. धातूजवळ अनुस्फुरणही मंदावते. म्हणूनच चांदी-सोन्याच्या सूक्ष्मकणांचा लेप दिलेल्या पट्टीवर नमुन्याच्या द्रावणाचा थेंब टाकला, तर हातातल्या यंत्रालाही लेशमात्र फेंटानिल दिसू शकते.

११/ तरीही यंत्राचा निर्वाळा हा अंतिम निकाल नव्हे. संग्रहात नोंद नसलेले नवे द्रव्य यंत्राला ओळखता येत नाही आणि मिश्रण त्याला चकवू शकते. म्हणून रस्त्यावरील निष्कर्ष प्राथमिक मानून प्रयोगशाळेत पडताळणे आवश्यक ठरते. हॅरिस काउंटीत रसायनाने आपले काम केले होते. निळ्या रंगाला पुरावा मानण्याची घाई माणसांनी केली होती.