दगडाला वय विचारायचं कसं?

आज स्टोनहेंजबद्दल बोलूया. इंग्लंडमधल्या सॉल्सबरीच्या माळरानावरचं ते प्रचंड शिळांचं वर्तुळ फोटोत तुम्ही पाहिलं असेलच. पण ते कधी बांधलं, हे शोधलं कसं? आणि त्या तारखेने एवढा फरक का पडला?

१९५३ साली पुरातत्त्वज्ञ रिचर्ड ॲटकिन्सन यांना एका शिळेवर कोरलेला खंजीर दिसला. तो त्यांना ग्रीसमधल्या मायसिनीच्या खंजिरांसारखा वाटला, म्हणजे इ.स.पू. १६०० च्या आसपासचा. मग तर्क निघाला, की ब्रिटनच्या साध्या शेतकऱ्यांना हे कुठलं जमायला! भूमध्य समुद्राकडून कोणी जाणकार आला असणार.

तोवर विलर्ड लिबी यांचं कार्बन डेटिंग आलं होतं. झाड किंवा प्राणी मेला, की त्यातला कार्बन-१४ घटत जातो, ५,७३० वर्षांत निम्मा होतो. पण दगड कधी जिवंतच नव्हता ना! म्हणून वय काढायचं ते बांधणाऱ्यांच्या वस्तूंचं. भोवतीचा खंदक त्यांनी हरणांच्या शिंगांच्या कुदळींनी खणला आणि त्या तळाशीच टाकल्या. शिंगाचं वय कळलं की खंदकाचं कळलं. वस्तू मात्र नीट निवडावी लागते. त्याच खंदकातली गुरांची काही हाडं शिंगांपेक्षा जुनी निघाली. लोकांनी ती आधीपासून जपून ठेवली होती!

तरी एक बग उरलाच. हवेतलं कार्बन-१४ कायम सारखं नसतं. म्हणजे लॉगमधली वेळ नीट नोंदलेली, पण सर्व्हरचं घड्याळच चुकलेलं. हान्स स्यूस यांनी कॅलिफोर्नियातल्या हजारो वर्षं जुन्या पाइन झाडांच्या वर्तुळांतलं कार्बन-१४ मोजून हे घड्याळ जुळवलं. तारखा शेकडो वर्षं मागे सरकल्या. आज खंदक साधारण इ.स.पू. ३००० चा आणि मोठ्या शिळा इ.स.पू. २५०० च्या मानतात. म्हणजे मायसिनीच्या वैभवाच्या कितीतरी आधीच्या! खंजीर शिळा उभ्या राहिल्यावर काही शतकांनी कोरलेला.

१९७३ मध्ये कॉलिन रेनफ्रू यांनी पुस्तक लिहून हेच ठासून मांडलं: बाहेरच्या गुरूची गरजच नव्हती. श्रेय ब्रिटनच्या त्याच शेतकऱ्यांकडे परत गेलं.

तेव्हा पुढे कोणी म्हणालं, ‘हे इथल्या लोकांना जमणं शक्यच नाही,’ तर एवढंच विचारा: तारीख कशावरून काढली? चला, भेटू पुढच्या भागात!