समई, रॉकेल आणि दिव्यांची अवस

आज दिवेलागणीबद्दल बोलू.

आपल्याकडे रॉकेल आलं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, परदेशातून, बोटींनी. शब्दच बघा ना, 'रॉक ऑइल'चं रॉकेल. त्याआधी तीळ, करडई, करंज यांचं तेल. कंदिलानं हळूहळू माजघर घेतलं, ओटी घेतली. समईकडे उरलं देवघर. म्हणजे आज आपण पवित्र म्हणून जपतो तो दिवा मुळात रोजच्या कामाचा, असं मला वाटतं.

आषाढातल्या दिव्यांच्या अवसेची कहाणी आठवा. (गटारीच्या गडबडीत ती कोण ऐकतंय म्हणा!) घरातली सून रोज स्वतः दिवे घासायची, वाती करायची. उंदरांनी रचलेल्या आळापायी तिला घराबाहेर काढलं. अवसेला दिवे झाडावर जमले, तिची बाजू त्यांनीच मांडली. राजानं ते ऐकलं आणि सुनेला परत घरी आणलं.