स्पिंडल नोज

लेथच्या मुख्य स्पिंडलचे पुढचे तोंड, ज्यावर चक बसतो. सीएनसी लेथवर या तोंडाचे तीन भाग असतात: पुढे आलेला आखूड टेपर, त्याच्या मागचा सपाट फेस आणि फेसमधली बोल्टची भोके. टेपर चकाला मध्यावर आणतो, फेस त्याला काटकोनात धरतो आणि बोल्ट दोघांना जखडतात. फेसवरचे छोटे ड्रायव्हिंग बटण चकाच्या पाठीतल्या खाचेत बसते, त्यामुळे जोराच्या कटात चक सरकत नाही. चक बदलता येतो, जॉ बदलता येतात, कंट्रोलही बदलता येतो. नोज मात्र मशीनच्या जन्माबरोबर येतो आणि शेवटपर्यंत तोच राहतो. म्हणून मशीनच्या कोटेशनमधली ही एक ओळ किमतीच्या आधी वाचावी.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत लेथचे काम शेतीच्या अवजारांबरोबर आले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानाने दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथे लोखंडी नांगर, पुढे पंप तयार होऊ लागले. साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये कारखाना काढला. तिथूनही नांगर आणि नंतर डिझेल इंजिने बाहेर पडली. किर्लोस्करांच्याच घराण्याने १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर सुरू करून लेथ बनवणे हा स्वतंत्र धंदा केला. नांगर, पंप आणि इंजिन या तिन्हींचे मूळ ओतकामात आहे. आजही पलूस, कुपवाड, मिरज, कराड, सातारा इथल्या वर्कशॉपमध्ये लेथवर चढणारा जॉब बहुधा बिडाचा, जाड आणि जड असतो. नोजची निवड इथे या जॉबवरून व्हायला हवी.

जुन्या लेथच्या नोजवर आटे असत आणि चक त्यावर फिरवून बसवत. स्पिंडल उलटा फिरवला किंवा जोरात ब्रेक लावला, की चक आट्यावरून सुटू लागे. जड चक सुटणे म्हणजे जिवाशी गाठ. त्यावर उपाय म्हणून लांब टेपर आणि मोठ्या नटाचा एल प्रकार, नंतर पिना आणि कॅम असलेला कॅमलॉक म्हणजे डी१ आला. हाताने चालवायच्या लेथवर कॅमलॉक सोयीचा, कारण चक दिवसातून दोनदाही बदलावा लागतो. सीएनसीवर हायड्रॉलिक चक महिनोन्‌महिने काढत नाहीत आणि स्पिंडल सतत सुलट-उलट होऊन झटकन थांबतो, म्हणून तिथे सरळ बोल्टने आवळायचा ए२ प्रकार रूढ झाला. ए१ मध्ये बोल्टांची आतली आणि बाहेरची अशी दोन वर्तुळे असतात, ए२ मध्ये फक्त बाहेरचे. ही मापे आयएसओ ७०२ या मानकात बांधून दिली आहेत. डी१-६ आणि ए२-६ यांचा टेपर एकच असतो, जखडण्याची रीत वेगळी. जुना कॅमलॉक चक 'नंबर तोच आहे' म्हणून सीएनसीसाठी घेणारा इथेच फसतो.

ए२-५, ए२-६ यांतल्या शेवटच्या आकड्यावरून बराच गोंधळ होतो. तो आकडा चकाचा व्यास सांगत नाही, टेपरचाही नाही. नोजच्या फ्लँजचा बाहेरचा व्यास इंचात जवळपास त्या आकड्याइतका येतो, एवढाच त्याचा आधार. ए२-५ चा फ्लँज १३३ मिमी, ए२-६ चा १६५, ए२-८ चा २१०, ए२-११ चा २८०. जुनी मशीन बघायला गेल्यावर नेमप्लेट घासून गेलेली असली तरी व्हर्नियरने फ्लँज मोजला की नंबर कळतो. टेपरचा मोठा व्यास याच क्रमाने ८२.५६३, १०६.३७५, १३९.७१९ आणि १९६.८६९ मिमी. उतार मात्र सगळ्यांचा सारखा: चार मिमी लांबीला एक मिमी व्यास, म्हणजे एका बाजूने ७ अंश ७ मिनिटे ३० सेकंद.

साधारण जोड अशी: ए२-५ वर ६ इंची चक, ए२-६ वर ८ इंची, ए२-८ वर १० इंची. १२ इंची चक ए२-८ वरही मिळतो आणि ए२-११ वरही. जॉब जड असेल तर दुसराच घ्यावा. नोज मोठा म्हणजे पुढचे बेअरिंग मोठे, स्पिंडल जाड आणि मधले भोकही मोठे. भोक मोठे असले तरी बारसाठी सगळी जागा मिळत नाही. चकाचे जॉ ओढणारी ड्रॉ ट्यूब त्याच भोकातून जाते, म्हणून बार कपॅसिटी तिच्या आतल्या व्यासावर ठरते. 'स्पिंडल बोअर ६१' वाचून ६० चा बार ठरवला आणि मशीन आल्यावर तो आत गेला नाही, असे घडू शकते.

मोठ्या नोजची किंमत वेगात मोजावी लागते. बेअरिंग मोठे झाले, की मशीनचा सर्वाधिक वेग उतरतो. शिवाय चक फिरू लागला की जॉ बाहेरच्या बाजूला ओढले जातात आणि पकड वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. छोट्या स्टीलच्या पिना काढणाऱ्याला हे नुकसान खरेच सोसवत नाही. पण बिडाचे काम करणाऱ्याने हिशेब मांडून बघावा. २०० मिमी व्यासाचा पंपाचा इंपेलर मिनिटाला १५० मीटर कटिंग स्पीडने घ्यायचा, तर स्पिंडल मिनिटाला जेमतेम २४० फेरे घेतो. कॅटलॉगमधले साडेचार हजार फेरे अशा वर्कशॉपला कधी लागतच नाहीत. त्याला लागतो तो कमी वेगावरचा टॉर्क आणि खोल कट घेताना न थरथरणारे तोंड. सातारा-सांगलीच्या पट्ट्यात ओतकामासाठी मशीन घेणाऱ्याने दोन नंबरांमध्ये अडकल्यास वरचा नंबर घ्यावा, असे स्पष्ट म्हणायला हवे. वेग दाखवून छोटा नोज विकणाऱ्याला आपला ड्रॉइंगचा कागद दाखवावा.

नोज एका नंबरचा आणि चक दुसऱ्या नंबरचा असेल, तर मधे अडॅप्टर प्लेट बसवतात. अडचणीला ती चालते, कायमची सोय म्हणून नाही. प्लेटच्या जाडीइतका चक पुढच्या बेअरिंगपासून लांब जातो आणि बाहेर लटकणारी लांबी वाढली, की वाक तिच्या घनाच्या आसपास वाढतो. आत्ता ६ इंची चकावर भागते, पुढे ८ इंची टाकू, या बेताने ए२-५ घेतला, तर पुढची सगळी वर्षे हा वाक सोबत राहतो. भारी चकाचा ताण बेअरिंगवर पडतो तो वेगळाच.

बसवताना टेपर आणि फेस दोन्ही एकदम टेकले पाहिजेत. बोल्ट आवळण्याआधी चक टेपरवर चढून फेसपासून केसभर अंतर राहते; आवळल्यावर ते मिटते. अंतर मुळीच नसेल तर टेपर सैल आहे. आवळूनही मिटत नसेल तर टेपर मोठा आहे किंवा मधे काही अडकले आहे. बिडाची बारीक धूळ कूलंटमध्ये भिजून चिखलासारखी बसते आणि डोळ्याला दिसत नाही. ए२-६ च्या फेसच्या काठावर ०.०२ मिमीचा एक कण राहिला, तर चकापासून १०० मिमी पुढे धरलेल्या जॉबवर डायल सुमारे ०.०२४ मिमी आऊट दाखवतो. मग सॉफ्ट जॉ पुन्हा पुन्हा बोअर केले जातात, ऑफसेट बदलले जातात आणि दोष मशीनच्या माथी येतो.

वापरलेली मशीन घेताना चक उतरवून घेण्याचा आग्रह धरावा. विकणारा कुरकुरतो, पण चकाखाली झाकलेला नोजच मशीनचा इतिहास सांगतो: टेपरवर घासल्याचे पट्टे, फेसवर मार लागून उठलेला कंगोरा, ओढून लंबगोल झालेली बोल्टची भोके. फेस कापडाने पुसून, उठलेला कंगोरा ऑइलस्टोनने हलकेच उतरवून, डायल आधी टेपरवर आणि मग फेसवर लावावा आणि स्पिंडल हाताने सावकाश फिरवावा. चांगल्या स्थितीतल्या नोजवर काटा ०.०१ मिमीच्या आतच हलतो.