रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालय, तेर

रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालय हे धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेर या गावी असलेले पुरातत्त्वीय वस्तुसंग्रहालय आहे. बीड जिल्ह्याला दक्षिणेकडून लागून असलेल्या या प्रदेशात, तेरणा नदीच्या काठी, धाराशिव शहराच्या ईशान्येस सुमारे २० किलोमीटरवर तेर वसले आहे. प्राचीन तगर नगराचे अवशेष, विशेषतः सातवाहनकालीन वस्तू, हे या संग्रहालयाचे वैशिष्ट्य होय. ते महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या अखत्यारीत आहे.

पार्श्वभूमी

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात तगर हे पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे म्हटले आहे. तेथून जाडेभरडे कापड, मलमल व इतर माल गाड्यांतून भडोच बंदराकडे जाई. टॉलेमीच्या भूगोलातही तगरचा उल्लेख आहे. पुढे शिलाहार राजे ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद अभिमानाने मिरवीत. नाव असे सर्वतोमुखी असूनही हे नगर नेमके कोठे होते, यावर एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला. कोणी दौलताबाद सुचविले, कोणी जुन्नर. डॉ. रा. गो. भांडारकर यांनी आजच्या बीड जिल्ह्यातील धारूरकडे बोट दाखविले होते. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर असे प्रतिपादन केले व हेन्री कझिन्स यांनी स्थळाची पाहणी करून त्यास पुष्टी दिली. १९५८ मध्ये चापेकर यांनी येथे उत्खनन केले. त्यानंतरच्या उत्खननांत विटांच्या एका मोठ्या स्तूपाचे अवशेष उजेडात आले.

संग्रहाची निर्मिती

संग्रहालयाचा गाभा मात्र उत्खननातून आलेला नाही. तेरचेच रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावाभोवतालच्या पांढरीच्या टेकाडांवरून मणी, नाणी, मृण्मूर्ती, बांगड्यांचे तुकडे अशा हजारो वस्तू वर्षानुवर्षे जमविल्या. पावसाने टेकाडांची माती वाहून गेली, की अशा वस्तू उघड्या पडतात. मराठवाड्यात पांढरीची माती घरांच्या धाब्यांसाठी उपसण्याची जुनी रीत आहे. अशा उपशात सापडणाऱ्या बारीकसारीक वस्तूंना सहसा कोणी वाली नसतो. तेरमध्ये तो लाभला. पुढे हा संग्रह शासनाकडे आला व संग्रहालयास लामतुरे यांचे नाव देण्यात आले. डग्लस बॅरेट यांच्या १९६० मधील ‘तेर’ या पुस्तिकेमुळे येथील वस्तू अभ्यासकांना अधिक परिचित झाल्या.

अशा संग्रहाची एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. उत्खननात वस्तू कोणत्या थरातून आली, तिच्या सोबत काय होते, याची नोंद असते आणि तीवरून काळ ठरतो. पृष्ठभागावर वेचलेल्या वस्तूला हा आधार नसतो. तिचा काळ इतरत्र सापडलेल्या सारख्या वस्तूंशी तुलना करूनच ठरवावा लागतो.

प्रमुख वस्तू

या तुलनेचे उत्तम उदाहरण म्हणजे तेरची हस्तिदंती स्त्रीमूर्ती. इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये अशाच घडणीची एक भारतीय हस्तिदंती मूर्ती मिळाली. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात पाँपेई गाडले गेले. म्हणजे ती मूर्ती त्याआधीची, हे निश्चित आहे. साहजिकच तेरच्या मूर्तीचा काळही साधारण त्याच सुमाराचा मानला जातो. जालना जिल्ह्यातील भोकरदन येथेही याच धाटणीच्या मूर्तीचा भाग मिळाला आहे. त्यामुळे पाँपेईची मूर्ती दख्खनमधून गेली असावी, या मताला बळ मिळते.

केओलिन या पांढऱ्या मातीच्या मृण्मूर्ती येथे विपुल आहेत. दोन साच्यांत पुढचा व मागचा भाग वेगवेगळा काढून ते जोडल्याने त्या आतून पोकळ असतात. केशरचना, कर्णभूषणे व चेहऱ्यांवरील भाव यांतील बारकावा थक्क करणारा आहे. तत्कालीन वेशभूषेचा अभ्यास करणाऱ्याने प्रथम याच मूर्ती पाहाव्यात. लज्जागौरीच्या मूर्तीही तेरला मिळाल्या आहेत. रोमन नाण्यांच्या धर्तीवर केलेली मातीची पदके रोमशी असलेल्या संपर्काची साक्ष देतात. अशा पदकांना गळ्यात अडकविण्यासाठी कडी असे. परदेशी नाण्याची नक्कल येथे दागिना झाली होती. यांखेरीज सातवाहनांची नाणी, अकीक व काचेचे मणी, शंखाच्या बांगड्या व खापरे आहेत. उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी द्वारचौकटही संग्रहालयात आणून ठेवलेली आहे. दख्खनच्या हवामानात इतके जुने लाकूडकाम क्वचितच टिकते.

परिसर

संग्रहालय पाहिल्यावर गावातील त्रिविक्रम मंदिर अवश्य पाहावे. मागील बाजूने अर्धवर्तुळाकार असलेली ही विटांची वास्तू मूळची बौद्ध चैत्यगृह असावी, असे कझिन्स यांचे मत होते. आज तेथे विष्णूच्या त्रिविक्रम रूपाची पूजा होते. तेरच्या प्राचीन विटा पाण्यावर तरंगतात म्हणून प्रसिद्ध आहेत. मातीत मिसळलेला भाताचा तूस भाजताना जळून विटेत सूक्ष्म पोकळ्या राहतात व ती हलकी होते. संत गोरा कुंभार हेही याच गावचे. त्यांची समाधी तेरणेच्या काठी असून तेथे वारकऱ्यांची ये-जा असते.