याडीच्या पांढऱ्या बलिया

प्रदर्शनाची तयारी चालली होती, तेव्हा तांड्यावरच्या गटातली एक ताई फडक्यात बांधून तीन पांढऱ्या बलिया घेऊन आली. तिच्या सासूच्या याडीच्या. दंडात घालायच्या, रुंद, पिवळट पडलेल्या. म्हणाली, "कापून मणी करू, कवड्यांच्या हारात ओवू. खरं हस्तिदंत म्हटलं की शहरातल्या बाया दुप्पट पैसे देतील." मलाही पटलं! फोटो काढला, किंमत टाकून ग्रुपवर पाठवणारच होते. पण बीएला माझा इतिहास होता, आणि हस्तिदंत म्हटलं की मला तेर आठवतं.

बार्शीच्या पुढे, धाराशिव जिल्ह्यात, गोरोबाकाकांचं तेर. त्याचं जुनं नाव तगर. दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय, की तगरहून जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांतून भडोचच्या बंदराला जायची. त्याच बंदरातून हस्तिदंतही जहाजावर चढायचं. तेरला हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली आहे, तिथल्या लामतुरे संग्रहालयाच्या संग्रहात ती आहे. आणि १९३८ मध्ये इटलीतल्या पाँपेईत तशाच धाटणीची मूर्ती निघाली. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं, म्हणजे ती बाई त्याआधीच समुद्रापार गेली होती. ती आपल्या दख्खनमध्येच घडली असावी, असं काही अभ्यासकांना वाटतं. गळ्यात, हातात, पायात दागिनेच दागिने. बघितली की तांड्यावरची नवरी आठवते.

बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ वाहणाऱ्या बंजारा समाजात लग्न झालेल्या बाईच्या दंडात बलिया असायच्याच, हस्तिदंताच्या नाहीतर हाडाच्या. पुढे प्लास्टिक आलं. आता बाजारात मिळतात त्या बहुतेक प्लास्टिकच्याच.

मग आमच्या तीन कशाच्या? ताईच्या मुलीने मोबाईलचा कॅमेरा मोठा करून कडा तपासल्या. बांगडी सुळ्याला आडवी कापून काढतात, म्हणून वरच्या बाजूवर नव्हे, चपट्या कडेवर बघायचं. हस्तिदंत असेल तर तिथे बारीक वक्र रेषा एकमेकींना छेदतात, जाळी विणल्यासारख्या. हाडात अशी जाळी नसते, टाचणीने टोचल्यासारखे काळपट ठिपके दिसतात. नकली मालात रेषा असल्याच तर मोजून आखल्यासारख्या सरळ, नाहीतर काहीच नाही. गरम सुई टोचून बघा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, वस्तू कायमची खराब होते. दोन बलियांवर ठिपके निघाले. तिसरीवर जाळी.

ताईचा चेहरा खुलला आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण जुनं आहे, घरचं आहे, हत्ती आपण मारला नाही, यातलं काहीच विकायला चालत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. १९८६ मध्ये देशातल्या हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. आफ्रिकेतून आणलेला माल म्हणून कारखाने चालत राहिले, तेही १९९१ मध्ये थांबलं. नंतर व्यापारी म्हणाले, हा हत्तीचा नाही, हजारो वर्षांपूर्वी संपलेल्या मॅमथचा दात आहे. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीही पळवाट बंद केली. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद, वर दंड. विकण्यासाठी कापून मणी करणं हाही गुन्हाच. म्हणजे माझा तो फोटो गेला असता तर पहिलं नाव माझं आलं असतं, दुसरं ताईचं.

घरात ठेवायलाही वनविभागाचं मालकी प्रमाणपत्र लागतं. ते असेल तर वस्तू वारसाने पुढच्या पिढीकडे जाते, विक्रीने नाही. प्रमाणपत्र असून वस्तू ठेवायची नसेल तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर ती आपणहून सरकारजमा करता येते, पण पैसे मिळत नाहीत. हे सांगताना मला वाईट वाटलं. गरिबाच्या घरातली एकच जुनी वस्तू, आणि तिचं मोल शून्य.

ताई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "विकायची नव्हतीच खरं तर, पोरीची फी भरायची होती." फीसाठी गटातून कर्ज दिलं. हारात कवड्या, आरसे आणि प्लास्टिकच्या बलियांचे तुकडे ओवले, चिठ्ठीवर 'प्लास्टिक' असंच लिहिलं. येत्या सोमवारी आम्ही दोघी सोलापूरला वनविभागाच्या कार्यालयात जाणार आहोत. बलिया तोवर त्याच फडक्यात आहे.